मानेवरचा ब्रश

“अरे, माझी मिशी कुठं गेली?” पोस्टमन खुर्चीतून ताडकन उठला.

आरशात उजवी मिशी जागेवर होती, डावीच्या जागी नुसता फेस. सलूनवाला हातात वस्तरा घेऊन तसाच उभा राहिला. गल्ली त्याला पुटपुट्या म्हणते, कारण काम करताना त्याचे ओठ सारखे हलतात. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात टेकला की तो मनात त्याच्यासाठी प्रार्थना करतो आणि शेवटी मऊ ब्रशने त्याची मान झटकतो. तो ब्रश म्हणजे त्याचा आमेन. लोकांना वाटतं, नुसती सफाई. खरी गोष्ट फक्त त्याच्या बायकोला ठाऊक.

“माफ करा दादा, लक्ष नव्हतं.”

“वस्तरा हातात घेऊन लक्ष नव्हतं? आता दुसरीही काढ बाबा. घरी ओळखलं तरी पुरे!”

दुसरीही काढली. बिचाऱ्याची पार रया गेली. तो तणतणत निघाला तेव्हा मानेवर ब्रश फिरला नव्हता, कारण प्रार्थना झालीच नव्हती. पोस्टमनच्या दुखऱ्या गुडघ्यापासून सुरू झाली आणि दोन शब्दांत बायकोच्या आजारपणात जाऊन अडकली. हल्ली रोज हेच चाललं होतं. “संकटाकडे नको, प्रभूकडे बघा,” असं चर्चमध्ये पाळकसाहेब रविवारी म्हणाले. बोलायला काय जातं! हा प्रभूकडे बघायला जाई आणि मध्येच दवाखान्याचा जिना दिसे. गिऱ्हाइकांचं एक वेळ ठीक, पण तिच्यासाठीची प्रार्थनाही अशीच भरकटली तर? देवाने ऐकलं नाही तर दोष कोणाचा? कोणाला विचारावं, तेही त्याला कळेना.

दुपारी त्याने शटर ओढलं. बायको मागच्या दाराने आली, खुर्चीत बसली आणि डोक्यावरचा स्कार्फ काढला. औषधांनी केस पुंजक्यापुंजक्याने गळत होते.

“काढून टाका सगळे. रोज उशीवर बघवत नाहीत.”

“थोडे राहू दे ना.”

“पोस्टमनला विचारलं होतंत का?”

म्हणजे बातमी घरी पोचली होती. त्याला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आज तरी मन जागेवर राहू दे, असं म्हणून ‘प्रभू’ एवढा शब्द उच्चारला, तोच तिच्या कानामागे एक तीळ दिसला. इतक्या वर्षांच्या संसारात तो त्याने कधी पाहिला नव्हता. वस्तरा चालत राहिला, तो तीळच बघत राहिला. शेवटची बट खाली पडली तरी ‘प्रभू’च्या पुढे शब्द सरकला नव्हता.

त्याने टॉवेल काढून घेतला.

“ब्रश?” तिने विचारलं.

“मान स्वच्छ आहे गं.”

“ते मी विचारलं नाही.”

तो खाली बघत म्हणाला, “प्रार्थना झालीच नाही. लक्ष सारखं तुझ्याकडेच जातं. कुठल्या तोंडाने आमेन म्हणू?”

ती आरशातून त्याच्याकडे बघत राहिली. “मला नाही बाई कळत त्यातलं. माझंही कुठं लागतं? मी आपली तुमच्या हाताकडे लक्ष देऊन बसले होते.”

मग तिने मान खाली घातली आणि वाट बघत राहिली.

त्याने ब्रश उचलला. झटकायला एक केस नव्हता, तरी हळूच फिरवला.

“आमेन,” ती म्हणाली.

कुठल्या प्रार्थनेला, ते त्याने विचारलं नाही.