घोरासुर

माझी चूक एवढीच, की महिन्यापूर्वी मी ताईच्या कॉम्प्युटरवर एक फोटो लावून ठेवला होता. प्रोग्राम बंद पडल्यावर येते ना ती खिडकी, 'अनपेक्षित अडचण आली' म्हणणारी? त्याच खिडकीचा फोटो. बिचारीने अर्धा तास 'ठीक आहे' दाबलं. फोटोवर! मी बाहेर जिन्यात बसून पोट धरून हसत होतो.

त्यामुळे काल दुपारी बारा वाजता तीच खिडकी खरोखर आली, तेव्हा ताई कॉफी ढवळत म्हणाली, "काढ तो फोटो. आज नको."

"अगं, फोटो नाहीये."

"कार्ट्या, वय काय तुझं? अठ्ठेचाळीस. काढ."

मी माऊस तिच्या हातात दिला. तिने खिडकी धरून ओढली. खिडकी हलली. फोटो काही हलत नाही. ताईचा चमचा कपातच राहिला.

आता हे समजून घ्या, की काल पाच वाजेपर्यंत आमचा चित्रपट महोत्सवाच्या निवड समितीकडे पोहोचायला हवा होता. पाच म्हणजे पाच, पाच वाजून एक मिनिट झालं की दार बंद. ताईने यासाठी शाळेतली पक्की नोकरी सोडली होती. चार वर्षं ती लाकडी होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुतारांच्या मागे फिरत होती. त्यांच्यातले तीन जण तेवढ्यात गेलेसुद्धा. उरलेले एक एक्क्याऐंशी वर्षांचे, त्यांनी तिला बजावलं होतं, "पोरी, माझं काय खरं नाही. लवकर दाखव." चौऱ्याण्णव मिनिटांचा चित्रपट, दोन हजारांवर तुकडे, आणि ते सगळं जोडणारा मी. आणि आता एक्सपोर्ट लावला, म्हणजे सगळ्या तुकड्यांची एकसंध फाइल बाहेर काढायला घेतली, की प्रोग्राम धाडकन बंद. एकदा एकसष्ट टक्क्यांवर, एकदा अठ्ठावन्नवर, मग चौसष्टवर.

आवाजाचं काम करणारे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कानावरचे हेडफोन खाली करून म्हणाले, "काय केलंस रे?"

"मी? दाजी, माझ्या आईची शपथ!"

"मागच्या वेळी पण आईचीच होती."

हेच तर. मी खोडकर म्हणून गावभर बदनाम, त्यामुळे खिळा कुणीही ठोकला तरी हातोडा माझाच.

मी दोघांना समोर बसवलं आणि आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला. "कालपासून कुणी काय बदललं?"

दाजी म्हणाले, "काहीच नाही."

ताई म्हणाली, "काहीच नाही."

पंचवीस वर्षांत मी हे उत्तर हजार वेळा ऐकलंय. एकदाही खरं निघालेलं नाही. पण ताई! तिच्यावर कोण शंका घेणार? ती पुस्तकाचं पान दुमडलं तरी माफी मागते.

नेहमीचे उपाय आधी उरकले. मशीन बंद करून चालू केलं. साठलेल्या तात्पुरत्या फाइली पुसल्या. सगळा प्रोजेक्ट नव्या कोऱ्या प्रोजेक्टमध्ये उचलून नेला. धाडकन. बाहेरून आणलेले इफेक्ट सगळे काढले. धाडकन. एव्हाना दोन वाजायला आले. पूर्ण चित्रपट बाहेर पडायला सत्तर मिनिटं लागतात, इंटरनेटवरून समितीला पाठवायला वीस. हिशोब तुम्हीच करा.

ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती. रडत नव्हती. ताई रडत नाही, ती शेल्फवरच्या हार्ड डिस्क सरळ लावते. लावत होती.

"ताई, इकडे ये. भाकरी मोडायची."

"काय?"

"अर्धी मोडायची, चाखायची, कुठल्या अर्ध्यात खडा आहे ते बघायचं. मग त्या अर्ध्याची अर्धी."

छोट्या आकाराचा, हलक्या दर्जाचा एक्सपोर्ट लावला, फक्त पहिली सत्तेचाळीस मिनिटं. दहा मिनिटांत सुखरूप बाहेर. म्हणजे खडा पुढच्या अर्ध्यात. सत्तेचाळीस ते सत्तर लावलं, धाडकन!

"वा!" मी टाळी वाजवली.

"बंद पडल्यावर वा काय म्हणतोस, गाढवा?" ताई ओरडली.

"अगं, चोराचा मोहल्ला सापडला!"

मग त्याची अर्धी, मग त्याची. दाजी कागदावर लिहीत होते आणि प्रत्येक धाडकनला मान डोलावत होते, जसं काही गाणं चाललंय. तीन मिनिटं उरली. दीड उरलं. पंचेचाळीस सेकंद. तीन वाजून पाच मिनिटांनी आम्ही एका दृश्यावर आलो. सुतार वाफवलेली फळी वाकवतात आणि खिळा मारायला हात उचलतात.

इथे काय असणार? साधी फळी, साधा हात. मी टाइमलाइन, म्हणजे पडद्यावरची तुकड्यांची रांग, मोठी करत गेलो. दोन तुकड्यांच्या सांध्यावर, वरच्या थरात, केसासारखी एक रेघ. आणखी मोठी केली. दोन फ्रेमचा तुकडा. डोळ्याची पापणी लवते ना, त्याहून कमी. नाव, 'घोरासुर'.

मी उघडला.

मी! सोफ्यावर आडवा, तोंड उघडं, एक पाय जमिनीवर, लाळ उशीवर. आणि स्पष्ट म्हणजे किती? नाकातला एकेक केस मोजून घ्यावा. ताईने बोटीच्या कारखान्याचं अवाढव्य चित्र काढायला एक यंत्र आणलं होतं, दोनशे फोटो काढून एकत्र शिवणारं. त्याची चाचणी तिने माझ्यावर घेतली होती! ते दोनशे फोटोंचं धूड दोन फ्रेममध्ये कोंबलेलं. मशीन तिथवर पोहोचायचं, मला गिळायला बघायचं, आणि घशात अडकून मरायचं.

मी खुर्ची वळवली. ताईचे कान लाल.

"कालपासून काय बदललं, ताई?"

"शेवटचं बघताना तुला दिसावं म्हणून टाकला होता... तो फोटो लावला होतास ना तू, त्याचा बदला... मग म्हटलं काढू, आणि विसरलेच... छोटासाच होता रे, दोनच फ्रेम..."

दाजींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि असे हसले, असे हसले, की त्यांना खोकला लागला. मी उठून ताईचे पाय धरले. खरंच. अठ्ठेचाळीस वर्षं मी या घरात एकटाच खोड्यांचा वारसा सांभाळत होतो! आणि ही घरातली गरीब गाय!

घोरासुर उचलला. सव्वातीनला एक्सपोर्ट लावला. साठ टक्के झाले तेव्हा कुणी श्वास घेतला नाही. बासष्ट. पासष्ट. सत्तर! दाजींनी माझ्या पाठीत असा रट्टा घातला की मीच बंद पडलो असतो. चार पंचविसाला फाइल हातात, चार अठ्ठेचाळीसला समितीचा निरोप: 'मिळाला.' एकच शब्द. ताईने तो चार वेळा मोठ्याने वाचला, मग म्हाताऱ्या सुतारांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "पोरी, ओरडू नकोस, मी अजून आहे." तेव्हा कुठे ती रडली.

आज सकाळी आठला तिचा फोन.

"अरे, माझ्या कॉम्प्युटरवर पुन्हा ती खिडकी आलीये! खरी आहे की फोटो?"

मी चहाचा घोट घेतला. सावकाश.

"कालपासून काय बदललंस, ताई?"