मेंढवाड्याला कुलूप

अंतिओगू खाणीवर बैलगाडी हाकायचा. तो वारला त्याच वर्षी त्याच्या धाकट्या भावानं, बाकीसनं, दोन भाडोत्री साक्षीदार उभे केले आणि वहिनीचा द्राक्षमळा गिळला. वेली अंतिओगूनं लावलेल्या, पाणी त्याच्या बायकोनं, गोनारियानं, डोक्यावरून वाहिलेलं. तिच्या वाट्याला आला डोंगरपायथ्याचा मेंढवाडा, तोही मेंढ्यांवाचून.

माझ्याकडे दाढीला बसला की बाकीस हसायचा. "वहिनीला काय कमी? चार भिंती दिल्यात की!" हजामाच्या हातात वस्तरा असताना माणसानं इतकं खूश होऊ नये. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

गोनारिया भांडली नाही. तिनं रिकाम्या मेंढवाड्याला फाटक बसवलं, फाटकाला हे भलंमोठं कुलूप लावलं आणि आत कुत्रं बांधलं. बस, एवढंच.

बाकीसची झोप उडाली.

आमच्या डोंगरात पूर्वी फक्त शिसं शोधायचे. वाळल्या हाडासारखा भोकाभोकांचा, गंजकट दगड लागला की शिव्या घालून बाहेर फेकायचे. पुढं कळलं, हा तर जस्ताचा दगड. जहाजं भरभरून परदेशी जायला लागला. तेव्हापासून सार्डिनियाच्या या कोपऱ्यात जो तो पारखी. दगड दिसतो त्याहून जड लागतो. फोडला की आत मेणासारखी पिवळट चकाकी. चुनखडीच्या भुकटीवर गार सिरका टाकला की लगेच फसफसते. याची भुकटी ढिम्म बसते. भाजली की पिवळी होते, निवली की पांढरी.

भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, बाकीसनं मेंढवाड्याच्या भिंतीतला एक दगड बाहेरून उपटून नेला. फोडला, भाजला. पिवळा झाला. निवला, पांढरा झाला. पारख अगदी बरोबर.

चुकला तो पुढच्या हिशेबात. आमच्याकडं वावराची भिंत त्याच वावरातून वेचलेल्या दगडांची असते; बाहेरून दगड आणायला कुणाला वेड लागलंय? म्हणजे भिंतीत जस्त, तर जमिनीतही जस्त. पण अंतिओगूला गाडी रिकामी परत आणायचा भारी कंटाळा. खाणीवर तेव्हा टाकाऊ म्हणून फेकलेला हाच दगड रोज संध्याकाळी गाडीत घालून आणायचा, आणि त्याचीच ही भिंत. बाकीस तेव्हा पलटणीत होता. गाव मात्र इथंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या खुर्चीत.

"एफिसदादा, मेंढवाड्याची भिंत जुनी आहे का रे?"

"तुझ्या भावानं रचली. स्वतःच्या हातानं."

"दगड कुठला?"

"दगड होय? डोंगराचा," मी म्हटलं. "मान हलवू नकोस."

तिथून तो थेट वहिनीच्या दारात. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या किलकिल्या झाल्या.

"वहिनी, एकटी बाई तू. विकून टाक तो मेंढवाडा."

"नको भावोजी. तिथं काही नाही."

"काही नाही, मग कुलूप कशाला?"

"माझी हौस."

दुप्पट भाव दिला, नाही म्हणाली. पाद्रीबाबांना मध्ये घातलं, नाही म्हणाली. शेवटी त्यानंच विचारलं, "मग हवंय तरी काय तुला?"

"मळा. वकिलासमोर. आणि कागदावर लिहायचं, मेंढवाडा मी तुझ्या गळ्यात मारला नाही, तूच मागितलास."

त्यानं हसत सही केली. बाईमाणूस म्हणून कीव आली, असं मला सांगत होता.

पावसाळाभर त्यानं मजूर लावून खणलं. खाली तांबडी माती, मातीखाली चुनखडी, तिच्याखाली आणखी चुनखडी. भिंत मोडून विकली, ते पैसे मजुरांच्या भाकरीलासुद्धा पुरले नाहीत.

द्राक्षतोडणीला सगळं गाव मळ्यात होतं. मीही. बाकीस कुंपणाशी येऊन उभा राहिला, हात अजून मातीचे.

"वहिनी, साऱ्या गावाला ठाऊक होतं! एकानं तोंड उघडलं नाही!"

गोनारियानं कोयता थांबवला नाही. "मळा कुणाचा, हेही साऱ्या गावाला ठाऊक होतं, भावोजी. तेव्हा कुणी तोंड उघडलं होतं?"

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि द्राक्षं तोडू लागलो. तो टोला एकट्या बाकीसला नव्हता.

"मी आता काय करू?" तो म्हणाला.

तिनं एक द्राक्ष तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि बी कुंपणापलीकडं थुंकली.

"उन्हात उभा राहू नकोस," ती म्हणाली. "घरी जा."