रिकामा परत करायचा नाही

मित्रांनो, मी एक जुना कडीचा डबा आहे. स्टीलचा. दोन किलो लाडू सहज मावतील एवढे माझे पोट आहे, झाकण अजून घट्ट बसते आणि कडी थोडी कुरकुरते. कुरकुरण्याची सवय मलाही आहे, ती तुम्हाला पुढे कळेलच. पण आधी सांगून ठेवतो की मी दुःखी वगैरे मुळीच नाही. या वयात भांड्याला जे सुख मिळावे ते सगळे मला मिळाले आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवते ते कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरचे भांड्यांचे दुकान. एकोणीसशे एक्क्याण्णव सालच्या दिवाळीआधी झुंबरबाई चौगुले यांनी मला तिथून निवडले. आधी त्यांनी सतरा डबे वाजवून पाहिले. मग दुकानदाराने लहानशा यंत्राने माझ्या पोटावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव घातले, ‘झुंबरबाई गुंडू चौगुले, क. बावडा’. गुदगुल्या झाल्या, पण नाव मिळाल्याचा अभिमानही वाटला.

कसबा बावड्यात तेव्हा उसाच्या शेतांत प्लॉट पाडून आमची कॉलनी नुकती उभी राहत होती. गुंडूराव साखर कारखान्यात फिटर होते. भोंगा झाला की ते सायकल काढायचे, आणि कारखाना सुरू असला की सगळ्या कॉलनीला मळीचा वास यायचा. नव्या माणसाला तो सोसत नसे, जुन्याला त्याच्याशिवाय जेवण जात नसे. झुंबरबाईंना सगळे आक्का म्हणत. त्यांचा आवाज असा, की त्या स्वयंपाकघरात बोलल्या तर रस्त्यापलीकडच्या घरात ऐकू जावे.

रस्त्यापलीकडे राहायच्या अंजनाबाई कांबळे. सरकारी दवाखान्यात नर्स. त्याच वर्षी राहायला आलेल्या. आक्कांनी मला चिवडा, चकल्या, करंज्या आणि रव्याचे लाडू यांनी गच्च भरले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठवले.

आता इथे एक रीत सांगायला हवी. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा द्यायचा नाही. अंजनाबाईंना ही रीत पक्की ठाऊक होती. पण त्यांचे कुटुंब बौद्ध, घरी दिवाळीचा फराळ होत नसे, आणि नुसती साखर घालून देणे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी ठरवले, आपला मोठा दिवस येईल तेव्हा डबा भरून जाईल. तो दिवस म्हणजे बुद्धपौर्णिमा. ती येते वैशाखात.

म्हणजे मी सहा महिने तिकडेच. इकडे आक्कांचे डोके फिरले. संक्रांत गेली, शिमगा गेला, तरी नवाकोरा डबा येईना. मागायला जायचे म्हणजे कमीपणा. त्या रोज स्वयंपाकघरात भांडी आपटत माझ्याविषयी बोलायच्या आणि मी पलीकडून सगळे ऐकायचो. मग एका पौर्णिमेला अंजनाबाई स्वतः मला घेऊन आल्या. काठोकाठ तांदळाची खीर, वर चारोळ्या. आक्कांनी झाकण उघडले आणि राग विसरून त्या वाट्या काढायला धावल्या.

तेव्हापासून तेच ठरून गेले. दिवाळीला फराळ घेऊन पलीकडे जायचे आणि बुद्धपौर्णिमेला खीर घेऊन अलीकडे यायचे. सहा महिने या घरात, सहा महिने त्या घरात. दोन माहेरे असलेला डबा तुम्ही पाहिला नसेल.

मला पोहोचवायचे काम मुलांकडे असे. आक्कांचा उदयसिंह आणि अंजनाबाईंची अक्षता. रस्ता वीस पावलांचा, पण त्यांना अर्धा तास लागायचा. वाटेत कुणाच्या तरी मातीच्या किल्ल्यावर अळीव उगवले का ते पाहायचे, कारखान्याकडे निघालेल्या बैलगाडीतून ऊस ओढायचा, आणि माझे झाकण उघडून दोन करंज्या कमी करायच्या. एकदा ऊस ओढण्याच्या नादात अक्षताने मला रस्त्यावर पाडले. त्याचा पोचा माझ्या कुशीत अजून आहे. दोघांनी मिळून चकल्यांवरची धूळ फुंकली आणि घरी काहीच सांगितले नाही. मी तर कोणाचीच चहाडी करत नाही.

दिवस असे चांगले गेले. मला आधी राखेने घासले, मग काथ्याने, मग तारेच्या घासणीने. त्या तारेने माझे नाव हळूहळू पुसून टाकले. पोटावर आता चार-दोन टिंबे राहिली आहेत, ती वाचून कुणाचेही नाव होत नाही. तेव्हा मला त्याचे काही वाटले नव्हते. मी कुणाचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे असे मी धरून चाललो होतो.

मित्रांनो, माणसे बदलतात तसा सणही बदलतो. गुंडूराव गेले, अंजनाबाईंचे यजमानही गेले. उदयसिंह इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचा धंदा करू लागला, अक्षता पुण्यात संगणकाच्या नोकरीत रमली. कॉलनीच्या तोंडाशी कॅमेरा लागला, बैलगाड्या दिसेनाशा झाल्या आणि दिवाळीला खोकी येऊ लागली.

या खोक्यांविषयी मला थोडे बोलू द्या. बाहेरून सोनेरी, आत आठ कप्पे, एका कप्प्यात सहा बदाम. खाली खोटा तळ, म्हणजे खोके वाटते हातभर आणि ऐवज निघतो मूठभर. दुसऱ्यात वासाची मेणबत्ती, जी कुणी पेटवत नाही. तिसऱ्यात घड्याळ, त्यावर देणाऱ्याच्या दुकानाचे नाव वेळेपेक्षा मोठे. ही खोकी कुणी उघडतही नाही, वरचे नाव बदलून पुढच्या घरी धाडतात. एका दिवाळीत, मी पलीकडे जाण्याआधी, एक निळे खोके वसुबारसेच्या सकाळी आक्कांच्या घरातून गेले आणि धनत्रयोदशीच्या रात्री चार घरे फिरून आमच्याच दारात आले. कोपरा चेपलेला होता म्हणून मी लगेच ओळखले. मी खोक्यांवर जळतो असे समजू नका. थोडासा जळतो.

आक्कांचे गुडघे दुखू लागले तेव्हा उदयसिंह बायको वर्षाराणीला घेऊन बावड्याला राहायला आला. वर्षाराणी मनाने चांगली, कामाला चपळ. सासूच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा तिने रात्रंदिवस त्यांचे केले. पण डब्याची रीत तिला कुणी सांगितलीच नव्हती. तिने एवढेच पाहिले होते की वैशाखात अंजनामावशींच्या घरून एक डबा खीर घेऊन आला आणि आमच्याकडेच राहिला.

त्यातच श्रावणात बातमी आली की अंजनाबाई दिवाळीनंतर कायमच्या पुण्याला लेकीकडे चालल्या. आक्कांनी ऐकले आणि रुसल्या. फाटकाशी येणे बंद. चौतीस वर्षांच्या शेजारात त्यांचे भांडण अनेकदा झाले होते, पण भांडणात बोलणे असते. या वेळी बोलणेच नव्हते. मी फळीवरून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, दिवाळी येऊ द्या, मी जाईन आणि सगळे ठीक होईल.

दिवाळी आली. आक्का खुर्चीत, म्हणून वर्षाराणीने पंचवीस खोकी मागवली आणि स्कूटरवरून वाटायला निघाली. जाताना तिची नजर माझ्यावर पडली. मावशी चालल्या आहेत, त्यांचा डबा आपल्याकडे राहायला नको, असा भला विचार करून तिने मला लख्ख घासले, पुसले आणि खोक्याबरोबर पिशवीत घातले. अंजनाबाईंच्या दाराला कुलूप होते. तिने पिशवी फाटकाला अडकवली आणि पुढच्या घरी गेली.

मी रिकामा होतो. आयुष्यात पहिल्यांदा तो रस्ता मी रिकाम्या पोटी ओलांडला होता.

अंजनाबाई परत आल्या. त्यांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा फुलला. आक्का बोलत नसली तरी डबा आला, असे त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी ओट्यावर ठेवून माझे झाकण उघडले. आत काही नाही हे दिसत असूनही त्यांनी हात घालून पाहिला. मग हळूच झाकण लावले आणि खाली बसल्या. संबंध संपला, हेच त्यांना त्यातून कळले. दुसरे काय कळणार? घरभर बांधलेले सामान पडले होते, भाऊबीज झाली की टेम्पो येणार होता. मित्रांनो, मला त्या दिवशी लाज वाटली. माझी चूक नव्हती, पण निरोप मीच पोहोचवला होता.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पलीकडून आक्कांचा आवाज आला. कडीचा डबा कुठे आहे, असे त्या विचारत होत्या. वर्षाराणी काय बोलली ते मला ऐकू आले नाही. नंतर दिवसभर त्या घरात रवा भाजल्याचा वास येत राहिला. खुर्चीत बसून आक्का हुकूम सोडत होत्या, वर्षाराणी परतत होती आणि उदयसिंह, चाळिशी उलटलेला गडी, लाडू वळत होता. त्याचे लाडू चपटे होतात म्हणून त्याला बोलणीही बसली.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. एका हातात काठी, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर. ऑपरेशननंतर त्यांनी पहिल्यांदाच रस्ता ओलांडला होता. मागे उदयसिंह पातेले घेऊन. अंजनाबाई दारात आल्या, पण ‘या’ म्हणायला त्यांना जमेना.

वर्षाराणीच पुढे झाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. “मावशी, चूक माझी आहे. मला वाटलं डबा तुमचा.”

आक्कांनी तिला हाताने थांबवले. “तिची न्हाय, माझी चूक हाय. मी रुसून बसलो, आन् पोरीला काय सांगितलंच न्हाय. अंजना, डबा काढ आदी.”

अंजनाबाईंनी मला ओट्यावरून आणले. आक्कांनी खुर्चीत बसून एकेक लाडू स्वतःच्या हाताने माझ्यात रचला. चपटे खाली, गोल वर. झाकण लावले, कडी बसवली आणि मला अंजनाबाईंच्या मांडीवर ठेवले.

“तू पुण्याला जा, मी नगं म्हणत न्हाय. पर डबा संगं न्हे. आन् रिकामा परत करायचा न्हाय. कुरिअरनं तर अजिबात न्हाय.”

“आक्का, पुण्यापास्नं येईस्तवर खीर नासंल की.”

“मग हितं यून कर. माझ्या घरात गॅस न्हाय व्हय? दूध माझं.”

अंजनाबाई हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. वर्षाराणीने चहा टाकला. उदयसिंहाने माझी कडी काढून वरचा एक लाडू पळवला.

आता मी पुण्यात अकराव्या मजल्यावर असतो. इथे दारावरची घंटा दिवसातून दहा वेळा वाजते आणि दहाही वेळा कुणीतरी खोके ठेवून निघून जाते. शेजारी कोण राहते ते अजून कळलेले नाही. तरी मी मजेत आहे. अक्षताने मला समोरच्या फळीवर ठेवले आहे, आणि येताजाता ती माझ्या पोच्यावरून बोट फिरवते.

मित्रांनो, तुमच्याही स्वयंपाकघरात वरच्या फळीवर दुसऱ्या कुणाचा तरी एखादा डबा असेल. प्रत्येक घरात असतो. कुणाचा आहे ते आईला विचारा. आम्हाला स्वतःहून घरी जाता येत नाही, तेवढी तरी दया करा. त्यात काहीतरी घाला, साखरसुद्धा चालेल, आणि तो स्वतः चालत नेऊन द्या. ‘आत या’ म्हणाले तर खरोखर आत जा.

वैशाख आता जवळ आला आहे. अंजनाबाईंनी कोल्हापूरचे तिकीट काढले आहे. परतीचे कधीचे काढायचे, असे काल अक्षताने विचारले. “आक्का सोडंल तवा,” असे सांगून त्यांनी मला घासायला घेतले.