आमेनच्या आधी

जयवंत लोंढे प्रार्थनेला उभा राहिला की आष्ट्याच्या चर्चमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचाही ऊर भरून यायचा. वय अवघं वीस, पण तरुण संघाचा चिटणीस, आणि आयाबाया पोरांना सांगायच्या, व्हायचं तर जयवंतदादासारखं व्हा. संघातल्या लहानग्यांना त्याने एक नेम घालून दिला होता. प्रार्थनेत तो आमेन म्हणेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, जागचं हलायचं नाही. उघडले तर खोबऱ्याची वडी बंद. पोरं बिचारी डोळे मिटायची ती अगदी तोंड वाकडं होईस्तोवर.

किल्लारीच्या भूकंपाला दोन-अडीच महिने झाले असतील. नाताळची गीतं म्हणायला जयवंत सहा पोरं घेऊन एसटीने कोयनानगरला गेला. तिथे धरणावर नोकरीला असलेल्या, मूळच्या आष्ट्याच्याच आवळ्यांचं घर होतं. घरात दाराशी खाटेवर अंबूबाई, आवळ्यांची आई, अंगावरून वारं जाऊन एक बाजू लुळी पडलेली. आवळे कामावर होते, सून कपबशा आणायला शेजारी गेली होती. चार वाजता गीतं झाली आणि जयवंतने प्रार्थना सुरू केली. विषयही नेमका काढला तो भीतीचा. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने कशाला भ्यावं, असं तो रंगात येऊन म्हणत होता.

तेवढ्यात फडताळातली भांडी वाजली. मग जमिनीखालून घरघर आली आणि भिंत हलली.

पुढचं जयवंतला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो अंगणाच्या पार टोकाला, अनवाणी, पेरूचं झाड धरून उभा होता. आणि अंगणात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

पोरं कुठायत? आत जायला हवं होतं, हाकसुद्धा पुरली असती. पण पाय उचलेनात आणि घशातून आवाज फुटेना. हादरा थांबला तरी घर गप्पच होतं. मग वरून कौलं सुटली, आतून किंकाळी आली आणि सहाच्या सहा पोरं दारातून बाहेर सांडली. दहा वर्षांच्या सुवार्ताच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तेव्हा कुठे जयवंत दाराशी धावला आणि तिला उचलून घेतलं.

"आमी आमेनची वाट बघत बसलो, दादा," सुवार्ता रडत म्हणाली. "तू म्हणलाच न्हाईस."

सून धावत आली. दोघांनी मिळून अंबूबाईला गोधडीसकट बाहेर आणलं. म्हातारीचे डोळे प्रार्थनेतही उघडेच होते, आणि पळताना जयवंतने तिच्याच खाटेवर पाय दिला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"प्वरा, लय चपळ हायस," एवढंच ती म्हणाली. तिने सगळं पाहिलं होतं, हे जयवंतला कळलं.

दवाखान्यात सुवार्ताला चार टाके पडले. परतीच्या एसटीत पोरांनी आपसांत गोष्ट जुळवली. डोळे उघडले तेव्हा दादा दारात दिसला, म्हणजे दादानेच आपल्याला बाहेर काढलं! जयवंत खिडकीबाहेर बघत राहिला. न बोलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्याने आपली समजूत घातली. गाडी आष्ट्याला पोचली आणि गोष्ट पोरांच्याही आधी घरोघर गेली. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली आणि रविवारी साक्ष द्यायला सांगितलं, म्हणजे देवाने कसं राखलं ते सगळ्या मंडळीपुढे उभं राहून सांगायचं.

रविवारपर्यंतचे चार दिवस जयवंतने जिवंतपणी मरण भोगलं. भांडं वाजलं की तो दचकायचा. नाताळाला आवळे गावी येणार, म्हातारीने त्यांना सांगितलं असलं तर? आणि नसलं सांगितलं, तर जन्मभर हे असंच पोटात घेऊन प्रार्थना म्हणायच्या? दोन्हींतलं अधिक भयंकर काय, ते त्याला ठरवता येईना.

रविवारी तो पुढे उभा राहिला.

"मी पळालो," तो म्हणाला. "पोरांना आत टाकून पळालो. मी कुणालाच वाचवलं नाही."

बायकांच्या बाजूने सुवार्ताची आई, मार्थाकाकू, उठली.

"माझ्या लेकीवर कौल पडलं, तवा तू कुटं हुतास?"

"अंगणात, काकू."

"एकलाच?"

"एकटाच." त्याने मान वर केली नाही. "चिटणीस दुसरा कुणीतरी बघा. माझी लायकी नाही."

पाळकसाहेब काही बोलायला गेले, पण काकूने त्यांना हातानेच थांबवलं. तिचे डोळे भरले होते आणि रागही गेला नव्हता.

"दुसरा कशाला?" ती म्हणाली. "त्यो बी पळंल, अन् सांगायचा न्हाई."