येणे बाकी चार लाख

मित्रांनो, आधी एक सांगून टाकते. माझ्या पोटात चार लाख नाहीत. मी एक जुनी उधारीची वही, नळ-पाइपांच्या दुकानातली. पण माझे मालक गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, वहीत चार लाख येणं आहे. ऐकून ऐकून माझे कान किटले.

नवी होते तेव्हा माझाही थाट होता. मालक हात पुसून मला उघडत. प्लंबर माल नेत, महिनाभरात पैसे देत आणि मालक नावावर रेघ मारत. मग काहींनी तोंड दाखवणं बंद केलं. एकजण गाव सोडून गेला, एका ठेकेदाराचं दिवाळं वाजलं. तरी दर वर्षअखेरीस मालक तीच नावं पुढच्या पानावर उतरवतात आणि समोर लिहितात, 'येणार'. अहो, कुठून येणार? आभाळातून? हिशेबनीस दरवर्षी घसा कोरडा करतो, की काही उधारी बुडणारच, तिचा अंदाज बांधा, तेवढी येण्यातून वजा धरा. मालक म्हणतात, माणसांवर विश्वास ठेवावा. पालथ्या घड्यावर पाणी!

यंदा तर कहर झाला. शेजारचा गाळा विकायला निघाला आणि मालकांनी थोरल्या बहिणीकडे तिची निवृत्तीची सगळी पुंजी मागितली. सहा महिन्यांत उधारी वसूल करून परत देतो म्हणाले. ताईंनी तीस वर्षं शाळेच्या कचेरीत हिशेब लिहिलेला. त्या म्हणाल्या, आधी वही दाखव.

त्यांनी आकडे सोडून तारखा पाहिल्या. यंदाच्या उधारीतले शंभराला पाच बुडतील. वर्षापूर्वीचे निम्मे. तीन वर्षांपलीकडचे शंभरातले दहा आले तरी नशीब. खरोखर हाती येण्याजोगी बेरीज सव्वा लाखावर आली. मालक एकेका नावासाठी भांडले. मला तर हसावं की रडावं कळेना.

मग ताईंच्या यजमानांचं पान आलं. घराच्या नळांचे अठरा हजार. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि नऊही वर्षं समोर लिहिलं होतं, 'येणार'.

"अरे, हे कुठून येणार?" ताईंनी विचारलं.

मालकांनी त्या नावावरून बोट फिरवलं. "तुझ्याकडे मागायचे नव्हतेच, ताई. पण रेघ मारायला हात होईना. भाऊजींना पुसल्यासारखं वाटायचं."

ताईंनी पेन्सिल ठेवून पेन घेतलं आणि स्वतःच्या हाताने तिथे 'बुडीत' लिहिलं. गाळा दुसऱ्या कुणी घेतला. ताईंचे पैसे बँकेतच राहिले.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, कपाटात जपू नका. वेळच्या वेळी खरं लिहा, तेवढं पुरे. गेलेलं माणूस मनात ठेवावं, माझ्या बेरजेत नाही. त्या बेरजेच्या भरवशावर एका जिवंत बाईचं म्हातारपण पणाला लागणार होतं.