तिसरी शिट्टी

कानातलं यंत्र बाबांच्या तळव्यावर शेंगदाण्याएवढं दिसत होतं, अजून कोमट — तुषारांनी बिघडेल म्हणून त्यांनी ते काढलं आणि लेकीच्या मुठीत कोंबलं. हळुवार काही करायची त्यांना सवयच नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी धबधबा नुसता पडत नव्हता, खालच्या कातळाला बडवत होता, मोडलेल्या फांद्या आणून त्याच्यावर आपटत होता. वळणांनी गाडी लागल्यामुळे आई वरच, मागच्या सीटवर झोपून राहिली होती. बाबा मात्र थेट पाण्यातल्या सपाट खडकावर जाऊन उभे, कमरेवर हात, जणू हा डोंगरही आपणच फोडलाय.

तीस वर्षं त्यांनी दगडाच्या खाणीत सुरुंग लावले. कान तिथेच गेले. तिथे उडवण्याआधी तीन शिट्ट्या व्हायच्या — पहिलीला हत्यारं खाली, दुसरीला माणसं मागे, तिसरीला वात पेटलेली... शिट्टी झाली की कुणी कुणासाठी थांबायचं नाही, हा त्यांचा नियम. घरातही शिट्ट्याच. पहिलीला पुस्तक मिटायचं, दुसरीला समोर यायचं, तिसरीलाही आलं नाही तर पट्टा. नऊ वर्षांची असताना पान संपेपर्यंत ती एकदा थांबली होती; पाठीवरच्या वळांना तेल लावताना आई एवढंच म्हणाली, की तुझंही चुकलंच.

“काय गं पुस्तकी किडे,” खडकावरून बाबा ओरडले, “आहे का तुझ्या पुस्तकात असलं पाणी?”

ती हसली. खरंच हसली होती... तेवढ्यात वरून, पाणी वाढलं की इशारा देणाऱ्या रखवालदाराची शिट्टी आली, लांबलचक. पाणी गढुळत चाललं होतं. दुसरी शिट्टी. बाबा पुन्हा पाठमोरे. हाक पोचणार नव्हती, खांद्याला हात लावावा लागला असता, आणि मागून हात लावणाऱ्याच्या कानाखाली बसते हे घरात सगळ्यांना ठाऊक. सहा पावलं. तिने मोजली होती ती पावलं, उभ्या जागेवरून. तिसरी शिट्टी झाली आणि पाय मागे पळत सुटले — शिकवलं होतं तसे, अगदी तस्सेच — वरून मातकट भिंत कोसळली, खडक पुसला गेला, कमरेवरचे दोन्ही हात एकदमच वर उडाले...

विसाव्या दिवशी आत्या आली. स्वयंपाकघरात बसून डोळे पुसत म्हणाली, की दादा एका झटक्यात सुटला, नाहीतर त्याच्या तावडीतून दुसरं कोण लवकर सुटलं होतं? आई चक्क हसली, मग रडली, मग सगळ्यांना सांगायची तेच पुन्हा सांगू लागली: पाण्याचा आवाजच एवढा, शिट्टी कुणाच्या कानावर पडणार, पोरीलासुद्धा ऐकू आली नाही. मुलगी कप विसळत होती. हे वाक्य तिनेच पहिल्या दिवशी आईला दिलं होतं. आता ते ऐकताना वाटलं, हातातला कप भिंतीवर फोडावा, आईला दंडाला धरून गदगदा हलवावं, बाबांनी तिला धरलं असतं तसं... आणि आपल्या बोटांत ही ताकद कुठून आली हे तिला कळलं. भीती नव्हती ती. त्या दिवशीही, नुसती भीती नव्हती.

तिने नळ बंद केला.

“आई, मला तिन्ही शिट्ट्या ऐकू आल्या होत्या.” आवाज चढला नव्हता. “पहिलीलाच बाबांपर्यंत जाता आलं असतं. तिसरी होऊ दिली मी.”