हरीनंतर हरीच

चौथ्यांदा केलेला डोळाही फुटला. आवाजसुद्धा धड झाला नाही. काच हळूहळू निववायच्या गरम पेटीत नुसतं ‘टिक’ झालं आणि बुबुळाच्या मधोमध केसाएवढी रेघ उमटली. सून चिमटा खाली ठेवून स्टुलावर मटकन बसली.

काचेचे डोळे करायचं हे दुकान सासऱ्यांचं. कुणाचा डोळा अपघातात जातो, कुणाचा आजारात. त्या रिकाम्या खोबणीत बसेल, शेजारच्या डोळ्याचा जुळा भाऊ वाटेल, असा डोळा गॅसच्या ज्योतीवर काच फुंकून करायचा. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आल्यापासून सासऱ्यांचा उजवा हात थरथरायचा. तेव्हापासून ज्योतीपुढे सून बसायची आणि ते मागे खुर्चीत, नातीला मांडीवर घेऊन. आठ महिन्यांची ती बया आजोबांच्या चष्म्याची दांडी चघळत सगळ्या कारभारावर लक्ष ठेवायची.

यावेळचं गिऱ्हाईक म्हणजे सर. कॉलेजात त्यांनी सुनेला तत्त्वज्ञान शिकवलं होतं. तिची आई गेली त्याच वर्षी. जो तो म्हणायचा, देवाची मर्जी. सर मात्र म्हणाले होते, “माणूस आधी असतो. कशासाठी आहे ते त्याचं त्याला ठरवावं लागतं, वरून कुणी चिठ्ठी पाठवत नाही. आणि जे पटत नाही ते तोंडाने म्हणू नका. ती स्वतःच्याच घरातली चोरी.” त्या बोलण्याच्या आधाराने ती पुन्हा उभी राहिली. देवाचं नाव तेव्हा सुटलं ते सुटलंच.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

डोळ्याचं शेवटचं काम फार नाजूक. बुबुळावर स्वच्छ काचेचा थेंब ठेवायचा आणि तो सारखा बसेपर्यंत डोळा ज्योतीत फिरवत राहायचा. लवकर काढला तर आतून तडकतो, उशीर झाला तर बुबुळ फुटक्या अंड्यासारखं पसरतं. दोन्ही हात गुंतलेले, नजर ज्योतीवरून हलवायची सोय नाही, मग घड्याळ बघणार कोण? सासऱ्यांचं माप तोंडात होतं. चाळीस वेळा ‘हरी’, आणि डोळा बाहेर. पन्नास वर्षांत त्यांचे तडकलेले डोळे एका हाताच्या बोटांवर मावतील.

सुनेने आकडे मोजले. दोन डोळे तडकले. नवरा म्हणाला, “अगं, गजर लाव.” लावला. तो असा काही केकाटला की ती दचकली आणि बुबुळ ओघळलं. पुन्हा आकड्यांवर आली, तर हा तडकला. सरांच्या डोळ्यासारख्या मधाळ रंगाची काचेची कांडी आता बोटाच्या पेराएवढीच उरली होती. ती काच बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. एक डोळा होईल एवढीच काच.

“पळतेस तू,” सासरे म्हणाले.

“चाळीसच मोजले, बाबा.”

“आकड्याचा स्वभावच तो. पंधरा म्हटलं की सोळा पुढे उभा. भीती वाटली की माणूस त्याच्यामागे धावत सुटतो. हरीनंतर हरीच येतो. पळून जाणार कुठे?”

“मला नाही हो म्हणता येत ते.”

“जीभ लुळी पडली की काय? पडायची तर माझी पडायला हवी होती.”

ती हसली, पण डोळे भरून आले. “मला नाही वाटत कुणी ऐकत असेल. मग म्हणायचं कसं? सोंगच ना ते? आणि तेही सरांच्याच डोळ्यासाठी!”

सासऱ्यांनी नातीच्या तोंडातून दांडी सोडवली. “मला तरी कुठे ठाऊक आहे कुणी ऐकतं का ते?”

ती वळून बघतच राहिली. “पन्नास वर्षं म्हणताय की!”

“पन्नास वर्षं रोज सकाळी पहिलं नाम घ्यायची वेळ येते तेव्हा मी एकटाच असतो. ढकलायला कुणी नसतं. नाही घेतलं तरी कुणी विचारत नाही. तरी मी घेतो. खात्री झाल्यावर घेतलं तर ते नाम कसलं, ती पावती झाली.”

नातीने भोकाड पसरलं. तिला पाजून, निजवून सून परत आली आणि सरांच्या चांगल्या डोळ्याचा मोठा करून घेतलेला फोटो तिने ज्योतीशेजारी टेकवला.

आठवडाभर ती तो फोटो रंग जुळवायला बघत होती. आज नुसता बघितला. काळ्या बाहुलीभोवती सोनेरी कडं, त्यातून बाहेर धावणाऱ्या बारीक वाटा. त्यातल्या दोन कुणी ठरवल्यासारख्या एकमेकींना टाळून गेलेल्या. हे असंच असायला हवं होतं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. नसतं तरी जगाचं काही अडलं नसतं. आणि तरी होतं! तिच्या अंगावर सरसरून काटा आला. वर्गात सर म्हणायचे, सगळं उगाचच आहे हे कळलं की माणसाला घेरी येते. तिलाही आली. पण त्या घेरीत तिला पडावंसं वाटेना, वाकावंसं वाटलं.

तिने ज्योत पेटवली. पांढऱ्या काचेची नळी फुंकून गोळा केला, उरलेल्या कांडीचं बुबुळ टेकवलं, वाट न् वाट ओढली, थेंब ठेवला. आता फिरवायचं. मागे खुर्ची करकरली नाही, सासरे खोकलेसुद्धा नाहीत.

“हरी,” ती म्हणाली.

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. कुणी ओ दिली नाही. ती पुन्हा म्हणाली. सातव्या-आठव्या नामाला खांदे उतरले. विसाच्या आसपास पुढचं काही उरलंच नाही. ज्योत होती, फिरणारी काच होती, आणि हे सगळं आहे याचं एवढं मोठं नवल होतं की त्याला हाक मारायला तोंडात दुसरा शब्दच नव्हता. चाळीस कधी झाले ते तिला कळलं नाही. हाताला कळलं.

डोळा दिवसभर पेटीत निवत राहिला. ‘टिक’ झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. तिने डोळा बसवला, पापणी सोडली आणि आरसा दिला. सरांनी आरसा उजेडाकडे धरून चेहरा दोन्ही बाजूंनी न्याहाळला. मग हळूच म्हणाले, “हा मीच आहे की गं.”

“तुमची विद्यार्थिनी काल हरी हरी करत होती बरं का, सर,” सासऱ्यांनी मागून काडी टाकली.

सरांनी आरसा खाली ठेवला. “पटलंय तुला?”

“माहीत नाही, सर. पण कुणी म्हणायला लावलं नाही. मीच म्हटलं.”

“आणि कुणी ऐकलं?”

तिने उत्तर द्यायला वर बघितलं. सर दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. त्यातला एक निव्वळ काच आहे, त्याला काही दिसत नाही, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? तरी त्या डोळ्यापुढे ती नकळत सरळ उभी राहिली, घरात कुणी मोठं माणूस आल्यावर उभं राहावं तशी.